हस्तकला मंडळातली कारागिराची खुर्ची परत मांडा

मा. केंद्रीय वस्त्रोद्योग मंत्री
आणि मा. विकास आयुक्त (हस्तकला), नवी दिल्ली
यांस सादर नमस्कार.

३ ऑगस्ट २०२० रोजी आपल्या मंत्रालयाने सरकारला हस्तकलांबाबत सल्ला देणारे अखिल भारतीय हस्तकला मंडळ बरखास्त केले. मला ती बातमी दोन दिवसांनी मोबाइलवर कळली. सावंतवाडीत तेव्हा ऐन पावसाळा होता. मी ज्यांना आबा म्हणते त्या गंजिफा, म्हणजे खेळायचे गोल पत्ते, हाताने रंगवणाऱ्या कारागिराच्या ओटीवर बसून मी त्यांच्या वर्षभराच्या बिलांचा मेळ घालत होते. मार्चपासून एकही प्रदर्शन झाले नव्हते. दशावतारी गंजिफाचे तीन पूर्ण संच रंगीत लाकडी डब्यांत तसेच पडून होते. मी बातमी वाचून दाखवली. आबांनी कुंचला पाण्यात बुडवला, पिळला, आणि एवढेच विचारले, "मगे आता आमचां ऐकतलो कोण?"

या प्रश्नाला पाच वर्षांहून अधिक काळ लोटला. मी अजून त्यांना उत्तर दिलेले नाही, कारण माझ्याकडे ते नाही. ते आपल्याकडे असायला हवे, म्हणून हे पत्र.

आधी मी कोण ते सांगते. मी कलावंत नाही. माझे वडील पोस्टात होते, मी वाणिज्य शाखेची पदवीधर. गेली पंधरा वर्षे सावंतवाडी आणि आसपासच्या चौदा कारागीर घरांचे कागद मी सांभाळते. लाकडी खेळणी आणि लाखकामाची फळे करणारे, गंजिफा रंगवणारे, दोन घरे बांबूकामाची. बिले, बँक, ओळखपत्रे, प्रदर्शनांचे अर्ज, कुरिअरच्या पावत्या, गिऱ्हाइकाचे थकलेले पैसे. आमच्या आळीत याला 'कागदांचे काम' म्हणतात, शहरात 'कला-प्रशासन'. सुरुवातीची दोन-तीन वर्षे मला वाटायचे की खरे काम आबा करतात आणि मी त्यांच्या पायात आलेला कागद बाजूला सारते. हा समज ज्या बाईंच्या आयुष्याने पुसला, त्यांच्याबद्दल मला आज आपल्याशी बोलायचे आहे. आपण जे मंडळ बंद केलेत त्याची घडी त्यांनी बसवली होती.

कमलादेवी चट्टोपाध्याय. जन्म ३ एप्रिल १९०३, मंगळूर. वडील अनंतय्या धारेश्वर जिल्हाधिकारी होते. कमलादेवी सात वर्षांच्या असताना ते वारले. मृत्युपत्र केलेले नव्हते. त्या काळच्या कायद्याप्रमाणे सगळी मालमत्ता सावत्र मुलाकडे गेली आणि आई गिरिजाबाई व त्यांच्या मुलीच्या वाट्याला महिन्याकाठी ठरावीक रक्कम आली. गिरिजाबाईंनी ती नाकारली आणि स्वतःच्या माहेरच्या पैशावर मुलीला वाढवले. हा प्रसंग मी पहिल्यांदा वाचला तेव्हा पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिले. एक कागद केलेला नव्हता म्हणून एक भरलेले घर एका रात्रीत परके झाले. ज्या मुलीने सातव्या वर्षी हे पाहिले, ती पुढे आयुष्यभर संस्था, घटना, नियमावल्या, सहकारी सोसायट्या उभारत राहिली, याचे मला नवल वाटत नाही. दुबळ्या माणसाचा हक्क तोंडी आश्वासनावर टिकत नाही, तो कुठेतरी लिहून ठेवावा लागतो. हे त्यांना कुणी शिकवावे लागले नसणार.

कोवळ्या वयात लग्न, शाळेत असतानाच वैधव्य. त्या काळी अशा मुलीचे आयुष्य तिथेच गोठवले जाई. त्या मद्रासला शिकल्या, कवी आणि नाटककार हरींद्रनाथ चट्टोपाध्यायांशी त्यांनी पुनर्विवाह केला आणि रंगभूमीवर उभ्या राहिल्या. आपल्याकडे तो बालगंधर्वांचा काळ. घरंदाज बाईने तोंडाला रंग लावायचा नाही, बाईची भूमिकाही पुरुषानेच करायची. अशा काळात त्यांनी नाटकात आणि मग मूकपटातही काम केले. १९२६ मध्ये मद्रासच्या प्रांतिक विधिमंडळाची निवडणूक लढवली. प्रचाराला मोजके दिवस मिळाले, आणि अवघ्या ५५ मतांनी त्या हरल्या.

पुढच्याच वर्षी, जानेवारी १९२७ मध्ये, पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात अखिल भारतीय महिला परिषदेचे पहिले अधिवेशन भरले. अध्यक्ष बडोद्याच्या महाराणी चिमणाबाई गायकवाड. परिषदेच्या संघटन-सचिव म्हणून कमलादेवी देशभर फिरल्या. व्यासपीठावरच्या खुर्चीपेक्षा हे पद मला मोलाचे वाटते. पत्रे लिहायची, गावोगावच्या शाखा जुळवायच्या, कोण येते आणि कोण येऊ शकत नाही ते पाहायचे, येऊ न शकणाऱ्या बाईची अडचण काय ती विचारायची.

१९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात मुंबईच्या किनाऱ्यावर मीठ करण्यासाठी ज्या सात जणांची नावे निघाली, त्यांत दोनच स्त्रिया होत्या: हिंद महिला समाजाच्या अवंतिकाबाई गोखले आणि कमलादेवी. बायकांना या लढ्यात घ्या म्हणून त्यांनी खुद्द गांधीजींशी वाद घातला होता. मग मिठाच्या पुड्या घेऊन त्या शेअर बाजारात शिरल्या. हायकोर्टात जाऊन तिथल्या न्यायदंडाधिकाऱ्यालाही विचारले, हे स्वातंत्र्याचे मीठ विकत घेता का? मला या बाईंचा हा गुण फार आवडतो. ज्याच्याकडे मागणे आहे त्याच्या दारात स्वतः जायचे आणि त्याच्या डोळ्याला डोळा भिडवून मागायचे.

राजकारणातले पुढचे सगळे इथे सांगत बसत नाही. स्वातंत्र्य मिळाले तेव्हा त्यांच्या तोलामोलाचे बहुतेक लोक सत्तेच्या खुर्च्यांवर बसले. कमलादेवी दिल्लीबाहेरच्या निर्वासितांच्या छावण्यांत गेल्या.

फाळणीनंतर वायव्य सरहद्द प्रांतातून हजारो कुटुंबे आली होती. त्यांच्यासाठी सहकारी तत्त्वावर वसाहत उभी करायची कल्पना कमलादेवींनी गांधीजींपुढे मांडली. गांधीजींनी अट घातली की सरकारकडे हात पसरायचा नाही. १९४८ मध्ये इंडियन को-ऑपरेटिव्ह युनियन ही संस्था निघाली. छत्तरपूरला शेतीच्या सोसायट्या झाल्या, आणि फरीदाबादला नवे शहर वसू लागले तेव्हा तिथेही ही मंडळी होती. अंगावरच्या कपड्यांनिशी आलेल्या माणसाच्या हातात काय असते? एखादी विद्या. कुणाला विणता येते, कुणाला कशिदा काढता येतो, कुणाला सुतारकाम. हस्तकला ही उपाशी माणसाची शिदोरी आहे, हे कमलादेवींनी छावणीत पाहिले. हस्तकलेला कपाटातली शोभेची वस्तू समजणाऱ्यांत आणि त्यांच्यात हाच फरक होता. पुढे १९५२ मध्ये दिल्लीचे सेंट्रल कॉटेज इंडस्ट्रीज एम्पोरियम याच सहकारी संस्थेकडे चालवायला आले. धर्मादाय संस्था कशी असावी असे मला कुणी विचारले तर मी हीच दाखवते. तिने घेणाऱ्याला हात पसरायला लावले नाहीत, सभासद करून घेतले.

त्याच वर्षी, १९५२ मध्ये, अखिल भारतीय हस्तकला मंडळ स्थापन झाले आणि अध्यक्षपद कमलादेवींकडे आले.

महोदय, आपल्या ठरावात हे एक जुने मंडळ आहे. आमच्यासाठी ते काय होते, हे दोन-तीन उदाहरणांनी सांगते.

जयपूरची निळी मातीची भांडी जवळजवळ संपली होती. कमलादेवींच्या आणि महाराणी गायत्रीदेवींच्या पाठबळावर चित्रकार कृपालसिंग शेखावतांनी ती पुन्हा जिवंत केली. आंध्रात श्रीकाळहस्तीला कलमकारी जाणणारे थोडे हात उरले होते. मंडळाने १९५० च्या दशकाच्या अखेरीस तिथे प्रशिक्षण केंद्र काढले, जाणत्याला गुरू नेमले आणि शिकणाऱ्यांना समोर बसवले. आज कलमकारीची ओढणी पुण्यामुंबईच्या कुठल्याही प्रदर्शनात दिसते, तिच्या मागे त्या वर्गाची पुण्याई आहे. मुंबई, दिल्ली, कलकत्ता, बंगळूर इथे नमुना केंद्रे (डिझाइन सेंटर) निघाली. दिल्लीच्या हस्तकला संग्रहालयासाठी वस्तू जमवायला सुरुवात मंडळानेच केली. १९६५ पासून निष्णात कारागिरांना राष्ट्रीय पुरस्कार मिळू लागले. तोवर या देशात गवयाला, नर्तकाला मान होता. कुंभाराला, चिताऱ्याला नावानिशी बोलावून सन्मान करायची रीत नव्हती.

सरकारी मंडळ म्हणजे सगळे नव्हे, हेही त्यांना ठाऊक होते. म्हणून १९६४ मध्ये त्यांनी सरकारबाहेर राहून काम करणारी क्राफ्ट्स कौन्सिल ऑफ इंडिया ही स्वयंसेवी संस्था उभी केली. त्याच वर्षी न्यूयॉर्कला जागतिक क्राफ्ट्स कौन्सिल स्थापन झाली, तिच्या संस्थापकांतही त्या होत्या. एक पाय सरकारात, एक पाय लोकांत. मंत्रालयाला उद्या कंटाळा आला तरी कारागीर उघडा पडू नये, अशी ती तजवीज होती. आणि आज ती तजवीज अर्धीच उरली आहे.

रंगभूमीवरचे त्यांचे ऋण तर आम्हा मराठी माणसांना रोज भेटते आणि आम्हाला ठाऊक नसते. १९४४ मध्ये मुंबईत इंडियन नॅशनल थिएटर स्थापन झाले ते त्यांच्या पुढाकाराने. महाविद्यालयीन एकांकिका केलेल्या कुणालाही 'आयएनटी' म्हटले की तालमीचे दिवस आठवतात. त्यांच्या भारतीय नाट्य संघाने युनेस्कोच्या मदतीने १९५८ मध्ये दिल्लीत नाट्यशिक्षणाची संस्था काढली, ती संगीत नाटक अकादमीने आपल्याकडे घेतली, आणि १९५९ मध्ये तिच्यातून राष्ट्रीय नाट्य विद्यालय झाले. रोहिणी हट्टंगडी त्याच शाळेतून आल्या. १९७७ ते १९८२ कमलादेवी अकादमीच्या अध्यक्ष होत्या. १९६६ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला, १९५५ मध्ये पद्मभूषण, १९८७ मध्ये पद्मविभूषण. २९ ऑक्टोबर १९८८ ला मुंबईत त्यांचे निधन झाले. त्यांनी काढलेल्या किती संस्था आज चालू आहेत ते मोजायला लागले की बोटे पुरत नाहीत, आणि त्यांतल्या फार थोड्यांवर त्यांचे नाव आहे.

पण मला ज्या उदाहरणापाशी थांबायचे आहे ते आमच्या महाराष्ट्रातले आहे.

१९६६-६७ मध्ये बिहारात भीषण दुष्काळ पडला. हस्तकला मंडळाने मुंबईचा एक चित्रकार मिथिलेत पाठवला, भास्कर कुलकर्णी. तिथल्या बायका लग्नघराच्या भिंतींवर चित्रे काढत. भिंत विकता येत नाही. कुलकर्णींनी त्यांच्या हाती कागद दिला आणि तेच चित्र कागदावर काढा म्हणाले. मधुबनी चित्रकला आज जगभर माहीत आहे ती या कागदामुळे. मग तेच कुलकर्णी १९७० च्या दशकात डहाणूच्या वारली पाड्यांवर पोहोचले. तिथे भिंतीवरची चित्रे बायका काढत, लग्नाच्या चौकाची. आणि एक पुरुष होता ज्याला रोज, कारण नसताना, चित्र काढल्याशिवाय चैन पडत नसे. जिव्या सोमा म्हसे. त्यांच्याही हाती कागद आला. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, २०१८ मध्ये ते गेले. आज वारली चित्र शाळेच्या भिंतीपासून साडीच्या पदरापर्यंत सगळीकडे आहे.

आता यात मंडळाने काय केले, असे कुणी विचारील. चित्र वारल्यांचे, नजर कुलकर्णींची. खरे आहे. पण कुलकर्णींच्या प्रवासाचा खर्च कुठून आला? दुष्काळात कागद वाटावा, ही गोष्ट कुणाच्या टेबलावर मंजूर झाली? कुठल्याशा कार्यालयात एक माणूस होता ज्याला ही गोष्ट सांगता आली, आणि सांगितल्यावर त्याने ती ऐकली. कमलादेवी आणि त्यांच्यानंतरच्या मंडळींनी घडवले ते हे: ऐकून घेणारे कार्यालय. चित्र कलावंताचेच असते. त्याच्यापर्यंत कागद वेळेवर पोचवणे हे प्रशासन. हे उमगले त्या दिवसापासून मी माझ्या कामाकडे वेगळ्या नजरेने पाहू लागले.

सावंतवाडीतही असेच घडले, फक्त वेगळ्या हातांनी. गंजिफा जाणणारे पुंडलिक चितारी तेव्हा म्हातारे झाले होते. राजघराण्यातल्या सत्त्वशीलादेवी भोसले यांनी त्यांच्याकडून ही कला स्वतः शिकून घेतली, राजवाड्यात कारागिरांना बसवले, काम सुरू ठेवले. त्या २०१८ मध्ये गेल्या. त्या नसत्या तर आबांच्या हातात आज कुंचला नसता, हे आबा कुणालाही सांगतात.

आबांचे काम मी आपल्याला जवळून दाखवते, कारण पुढची गोष्ट त्याशिवाय कळणार नाही. एका दशावतारी संचात १२० पाने असतात. दहा अवतार, प्रत्येकाची बारा पाने: एक राजा, एक प्रधान आणि एक्का ते दश्शी. पान गोल, बिस्किटाएवढे. पूर्वी कापडाचे थर चिंचोक्याच्या खळीने चिकटवत, आता बहुतेक जाड कागद असतो. त्यावर खडूचा हात, मग गुळगुळीत दगडाने घोटायचे, इतके की बोट फिरवले तर कुठे अडता कामा नये. मग रंग. पाठीला लाख. नरसिंहाच्या पानावर फाडलेला खांब, सिंहाचे तोंड, मांडीवरचा हिरण्यकशिपू, सगळे त्या बिस्किटात. डोळा शेवटी काढायचा. आबा डोळा काढताना श्वास धरतात. मी ओटीवर असले तर मीही नकळत धरते. खेळात दिवसा रामाची उतारी, रात्री कृष्णाची. पाच अवतारांत दश्शी मोठी, पाचांत एक्का मोठा. माझ्या आजीला हे सगळे पाठ होते. माझ्या आईला अर्धे. मला आबांनी शिकवले.

तर तीन वर्षांपूर्वी एका मोठ्या प्रदर्शनाचा अर्ज मी आबांसाठी भरत होते. प्रदर्शन कुणाचे, कुठले, हे इथे लिहीत नाही. अर्ज ऑनलाइन होता. 'हस्तकलेचा प्रकार' या रकान्यात एक यादी उघडायची आणि त्यातला एकच पर्याय निवडायचा. लाकूडकाम. चित्रकला. कागदकाम. लाखकाम. वस्त्र. गंजिफा नव्हती. मी आबांना विचारले, काय लिहू? त्यांनी चष्मा पुसला, यादी दोनदा वाचली. "गो बाय, डबो लाकडाचो, पान कागदाचां, चित्र रंगाचां, पाठ लाखेची. ह्यातलां एक घेतलां तर बाकीचां काय टाकून देव?" शेवटी मी चित्रकला निवडली. अर्ज परत आला: वस्तू चित्रकलेच्या मापात बसत नाही, किमान लांबी-रुंदी पहा. मग कागदकाम निवडले. मग जागा मिळाली ती कागदी पिशव्या आणि आकाशकंदिलांच्या रांगेत. पाच दिवसांत एक संच गेला. येणारा-जाणारा विचारायचा, काका, हे कोस्टर कितीला? आबा प्रत्येकाला सांगायचे, हा खेळ आहे, हे पान मत्स्यावताराचे. पाचव्या दिवशी त्यांनी सांगणे सोडले.

मी त्या प्रदर्शनाच्या हेल्पलाइनवर चार वेळा फोन केला. फोन घेणारी मुलगी नम्र होती, तिचा काही दोष नव्हता. ती म्हणाली, ताई, यादी वरून येते. वर म्हणजे कुठे, तिला ठाऊक नव्हते. मलाही नाही.

ही लहानशी तक्रार आहे, मला मान्य आहे. यादीत एक शब्द घातला की मिटेल. पण तो शब्द घाला असे कुणाला सांगायचे, हेच ठाऊक नसेल तर लहान तक्रार वर्षानुवर्षे लहानच राहते आणि तेवढ्यात एक कला 'कोस्टर' होऊन बसते. हस्तकला मंडळात सरकारी अधिकाऱ्यांबरोबर अशासकीय सदस्य असत, कलेच्या क्षेत्रात हयात घालवलेली माणसे असत, कारागीरही असत. कारागीर आणि दिल्ली एका टेबलाशी समोरासमोर बसतील अशी ती अधिकृत जागा होती. माझ्यासारखीला तिथल्या एखाद्या सदस्याला पत्र लिहिता यायचे. गंजिफाचे पत्र लिहायला घेतले तेव्हा मंडळच उरले नव्हते.

आपली बाजू मी वाचली आहे. कमीत कमी सरकार, जास्तीत जास्त शासन. यंत्रणा सुटसुटीत करायची. मंडळे केवळ सल्लागार असतात. विकास आयुक्तांचे कार्यालय चालू आहे, योजना चालू आहेत, कारागिराला 'पहचान' कार्ड मिळते. हे सगळे खरे आहे, आणि त्या कार्डासाठी मी स्वतः चौदाही घरांचे अर्ज भरले आहेत. मंडळावर नेमणुका ओळखीने होतात, बैठका नावाला होतात, ही तक्रारही मी कारागिरांच्या तोंडून ऐकली आहे. असेल. पण विहिरीचे पाणी गढूळ झाले तर आपण गाळ उपसतो, विहीर बुजवत नाही.

आणि सल्ला म्हणजे कमी मोलाची गोष्ट, हे तर मला अजिबात पटत नाही. योजना खाली येते, सल्ला वर जातो. कार्ड कारागिराला सांगते की तू कोण आहेस. मंडळात बसलेला कारागीर सरकारला सांगू शकत होता की तुम्ही कुठे चुकता आहात. आज खाली येणारी वाट रुंद झाली आहे, तिचे मी स्वागत करते, मनापासून. वर जाणारी वाट मात्र बंद आहे. त्या वेळी हातमाग मंडळही काही दिवस आधी बरखास्त झाले होते, आणि लगेच ७ ऑगस्टला हातमाग दिन होता. त्या दिवशी विणकरांना शुभेच्छांचे कितीतरी संदेश आले. विणकर बायांना काय वाटले असेल याचा मी खूप विचार केला. शुभेच्छा त्यांना हव्याच असतील, पण आपले म्हणणे मांडायची जागा त्यांना अधिक हवी होती.

म्हणून माझी मागणी सांगते. नवे मंडळ स्थापन करा. नाव जुनेच हवे असा माझा आग्रह नाही. पण त्यात निम्मे सदस्य आज, या घडीला हाताने काम करणारे असावेत. पुरस्कार मिळून निवृत्त झालेले तेवढेच नकोत, आणि निर्यातदार कारागिरांच्या नावावर बसलेले तर मुळीच नकोत. त्यांत बायका निम्म्या असाव्यात, कारण रंग घोटणारे, सूत भरणारे, खळ शिजवणारे हात बहुतेक त्यांचे असतात आणि ओळखपत्र बहुतेक नवऱ्याच्या नावावर. माझ्या चौदा घरांपैकी अकरांत असेच होते. त्यातली सहा कार्डे बदलून घ्यायला मला दोन वर्षे लागली. कारागीर बैठकीला आला तर त्याचा तेवढ्या दिवसांचा रोज बुडतो, तो त्याला द्या, प्रवासभाड्यापेक्षा वेगळा. बैठकीचे इतिवृत्त त्याला वाचता येईल अशा भाषेत छापा. आणि वर्षातून एक तरी बैठक दिल्लीबाहेर घ्या, जिथे कुणी काम करते आहे अशा ठिकाणी. कमलादेवी गावोगाव फिरून कारागीर शोधत. दिल्लीत बसून मागवलेल्या यादीने ते होत नाही.

आणखी एक. प्रत्येक जिल्ह्यात कारागिरांचे कागद पाहणारे एक माणूस पगारावर नेमा. माझे काम मी मोफत करते, नवऱ्याच्या पगारावर घर चालते म्हणून करू शकते. माझ्यानंतर ते कोण करणार, हा प्रश्न मला रात्री झोपू देत नाही. बारावी झालेली, मराठी आणि हिंदी येणारी, मोबाइल चालवता येणारी एखादी मुलगी पुरे आहे. चिताऱ्याच्याच घरातली असली तर फार उत्तम. तिला या कामाचे शिक्षण द्या, हुद्दा द्या, आणि त्या हुद्द्याला मान द्या. कमलादेवींनी हे काम केले तेव्हा त्यांच्या मागे स्वातंत्र्यलढ्याची पुण्याई होती, त्यांच्यासाठी दारे उघडत. आजच्या मुलीला निदान एक पगार आणि एक सही करायचा अधिकार हवा.

पहिली बैठक सावंतवाडीत घ्यायची असेल तर जागेची काळजी करू नका. आबांच्या ओटीवर दहा-बारा माणसे सहज बसतात, समोरच्या घरातून आणखी दोन बाकडी येतील. पावसाळ्यात नको, रंग सुकत नाहीत आणि लाख चिकटते. दिवाळीनंतर या. येताना त्या अर्जातली यादी तयार करणाऱ्या माणसालाही बरोबर आणा. आबा त्याला नरसिंहाचे पान हातात देऊन पाठ, कड आणि चित्र दाखवतील, मग काय लिहायचे ते तुम्ही दोघांनी मिळून ठरवा.

आपली नम्र,
कारागिरांचे कागद सांभाळणारी एक बाई
सावंतवाडी, जि. सिंधुदुर्ग